आले म्हणजे गेले

रात्री साडेनऊला आमच्या दोंडाईच्यात
मिरचीच्या पथारीवरून वारा फिरतो
आणि सगळी गल्ली एकदम शिंकते.
तिकडे लीड्समध्ये चार वाजलेले, अंधारायला आलेलं,
आणि ग्रॅहम हॉलरॉइड, वय एकाहत्तर, विचारतो,
मादाम बागुल, टेबल बाई का?

पहिल्या वर्षी मी नियम सांगायचे.
आता सांगते, माहीत नाही.
मिरची ती, ठेचा तो, भरीत ते,
तिघं एकाच ताटात बसतात,
कुणी कुणाकडे दाखला मागत नाही.
तो म्हणतो, आमच्याकडे जहाज तेवढं बाई उरलंय.

ओहायोची डेनीस नव्वदवर अडकलेली.
चार वीस आणि दहा, हा काय हिशेब झाला?
दारात माय देठ खुडत बसलेली,
मजुरीची चिल्लर मोजत,
चार ईसा आन दहा.
मी फोन तिच्याकडे धरते.
डेनीस गप्प होते. मग वहीत काहीतरी लिहून घेते.

तू कधी, तुम्ही कधी, हाही रोजचाच.
काय सांगू? आमच्या अहिराणीत
माय तू, बाप तू, देव तर तूच,
तुम्ही फक्त तलाठ्याला.
म्हणून मला विचारू नका, म्हणते,
पॅरिसमध्ये सगळ्यांना तलाठी समजा.

पण खरा घोळ जाण्याचा.
जाऊन झालं की ते म्हणतात, आले.
ज स्वी आले. मी गेले.
पुण्याच्या वर्गात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू फुटलं,
आणि हसता हसता बाप दिसला,
सुरत पॅसेंजरसाठी निघालेला,
पिशवी खांद्यावर, उंबऱ्यात एक पाय.
घरातून निघताना जातो म्हणायचं नाही.
येस मी, म्हणायचा.
शेवटच्या वेळीही तेच म्हणाला.

गेलेली बाई असेल
तर शब्दाच्या शेवटी एक अक्षर जास्तीचं,
लिहायचं, उच्चारायचं नाही.
ग्रॅहम विचारतो, ऐकूच येत नाही तर लिहायचं कशाला?
आमच्या येस मध्ये तर तेही नाही,
बाप येस, माय येस,
कोण ते दार उघडल्यावरच कळायचं.
हे मी त्याला सांगत नाही.
सांगते ते एवढंच की येणं, जाणं, पडणं, जन्मणं, मरणं
यांच्यापुढे असणं लागतं,
बाकी बहुतेक सगळ्यांना जवळ असणं पुरतं.
का, ते पुस्तकात नाही.

त्याची ओदील रूआंची.
चाळीस वर्षं त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलली,
फक्त पाढे आणि शिव्या स्वतःच्या भाषेत.
ती गेल्यावर त्याने वही घेतली.

काल गृहपाठात पाच वाक्यं.
चार आठवड्याच्या बाजाराची,
पाव घेतला, चीज घेतलं, पाऊस होता, छत्री नव्हती.
पाचवं:
ज त मांक.

त्याला म्हणायचं होतं, मला तुझी आठवण येते.
लिहिलं गेलं, तुला माझी आठवण येते.
त्यांच्याकडे हे उलटं चालतं, म्हणजे आमच्यासारखं,
माले तुनी याद येस,
येणारी ती,
आपण नुसते घरात असतो.
इंग्रजीवाले तिथे हमखास मी ला पुढे बसवतात.

लाल शाईचं बटण माझ्या बोटाखाली.
बरोबर आहे ना, मादाम?
पडद्यावर त्याची खिडकी पूर्ण काळी झालेली,
दिवा लावायचं सुचलं नसावं.
व्याकरणात चूक नाही, म्हटलं.
खरंच नाही.

फोन बंद केला.
देठांची पाटी झटकत माय विचारते,
गया का तुना म्हतारा?
आले, मी म्हणते.
ती माझ्याकडे बघत राहते
आणि शिंकते.